डॉक्टरमावशींचा कट्टा : पाळी लांबली म्हणून घाबरलीस?

मैत्रिणींनो, आणि मित्रांनो, तुम्हीसुद्धा वाचा बरं का!

चिंचवडहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. "मावशी, माझी पाळी गेल्या वर्षी सुरू झाली. कधी महिन्याने येते, कधी दोन महिन्यांनी. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, 'अशा मुलींना पुढे मूल होत नाही.' तेव्हापासून आई गप्पच असते."

अगं वेडे, आधी डोळे पूस!

चाकणच्या मोटार कारखान्यात सुटे भाग वेळेवर आले नाहीत, तर काय होतं? पुढचं सगळं काम अडतं. पाळीचंही तसंच. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या हार्मोन्समुळे बीजकोशात स्त्रीबीज पिकतं आणि बाहेर पडतं. मग बीजकोशातून प्रोजेस्टेरॉन सुटतं. ते गर्भाशयाचं अस्तर टिकवतं. गर्भ याच अस्तरात रुजतो. गर्भ नसेल, तर अस्तर पाळीवाटे बाहेर पडतं.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं ही घडी बसायला लागतातच. म्हणून तुझ्या वयात पाळी मागेपुढे होणं हा बहुतेक वेळा आजार नसतो.

पण तीन महिने पाळी आलीच नाही, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायचंच. थायरॉइड कमी पडलं किंवा पीसीओएस असलं, तर स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. मग मोठेपणी दिवस राहायला उशीर होऊ शकतो. थायरॉइडकडे गरोदरपणी दुर्लक्ष झालं, तर गर्भपाताची भीती वाढते, बाळाच्या मेंदूच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. पण थायरॉइडला रोजची एक गोळी बहुधा पुरते. पीसीओएस असलेल्या कितीतरी बायका व्यायाम, आहार आणि औषधांच्या मदतीने आई होतात. त्यानेही भागलं नाही, तर टेस्ट ट्यूब पद्धत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी ६ ऑगस्ट १९८६ला तसं बाळ जन्माला घातलं, त्यालाही आता किती वर्षं झाली!

आईबाबांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. शंका असेल तर मुलीला तिथे न्या. शेजारणीचा शब्द म्हणजे तपासणीचा रिपोर्ट नव्हे.

आणि तू काय करायचंस? कॅलेंडरवर पाळीच्या तारखांना गोल कर. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. आणि हे पान आज आईला वाचून दाखव.

तुमची,
डॉक्टरमावशी