पडला की टाकला : युद्धवार्तेच्या प्रामाण्याचा विचार

परदेशांतील युद्धांच्या बातम्यांविषयी मराठी वाचकांत आज दोन मते प्रबळ असून, ती परस्परविरोधी दिसत असली तरी दोहोंचा परिणाम एकच होतो. पहिले मत असे की, उपग्रह, ड्रोन आणि प्रत्येकाच्या हातातील मोबाइल यांमुळे आता युद्ध लपत नाही, म्हणून पडद्यावर दिसते ते घडलेलेच असते. दुसरे मत असे की, आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्था बड्या राष्ट्रांची तळी उचलतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवू नये आणि युद्धकाळात तरी स्वदेशी वाहिन्यांवरच विसंबावे. पहिल्या मताच्या माणसाला पडताळणीची गरज वाटत नाही आणि दुसऱ्याला तिचा उपयोग वाटत नाही. पडताळणी मात्र दोघांकडूनही होत नाही. ही दोन्ही मते टिकणारी नाहीत, आणि बातमी कोणी, कोठून व कशाच्या आधारे दिली हे बातमीतच सांगितलेले असणे हा युद्धवार्तेच्या विश्वासार्हतेचा खरा निकष आहे, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

त्याआधी एका आक्षेपाचे निराकरण केले पाहिजे. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावाने युक्रेन किंवा सुदान यांच्या बातम्यांची एवढी चिकित्सा कशासाठी करावी, असे विचारले जाते. वऱ्हाडाचा इतिहासच याचे उत्तर देतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या रुईला कधी नव्हे ती मागणी आली. पऱ्हाटीचा पेरा वाढला आणि मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा सट्टा उसळला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण गेले, ती वार्ता मुंबईस पोचली आणि भाव कोसळले; १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या. ज्या लोहमार्गाने चांदूरच्या नावाला ‘रेल्वे’ हे पद जोडले आणि त्याच जिल्ह्यातील चांदूर बाजारपासून त्याला वेगळी ओळख दिली, तो १८६७ मध्ये नागपूरपर्यंत गेला, तो मुख्यतः हा कापूस बंदरावर नेण्यासाठीच. १८६६ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत कचेरी उघडली आणि १८७० मध्ये रॉयटर, फ्रान्सची हावास व जर्मनीची वोल्फ या तीन संस्थांनी जगाची वाटणी करून घेतली, तीत हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्यास गेला. रुई रुळांवरून बाहेर जाऊ लागली आणि जगाची बातमी तारेवरून आत येऊ लागली. परंतु त्या तारेवर काय चढवायचे हे ठरवण्यात कापूस पिकवणाऱ्याला कोणताही वाटा नव्हता. २०२२ मध्ये युक्रेनचे सूर्यफूल तेल अडले, खाद्यतेलाचे भाव चढले आणि पोटॅशयुक्त खते महागली, तेव्हा सोयाबीन घरात ठेवावे की बाजार समितीत न्यावे हा निर्णय येथील शेतकऱ्याला अशाच दुरून आलेल्या बातम्यांवरून घ्यावा लागला. सबब हा प्रश्न येथल्या माणसाच्या पोटापाण्याचा आहे.

आता पहिल्या मताचे परीक्षण करू. युद्धात कॅमेरा कोठे उभा राहणार हे बहुतेक वेळा सैन्य ठरवते. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेने शेकडो वार्ताहरांना लष्करी तुकड्यांशी जोडून दिले. असा वार्ताहर तुकडीबरोबर राहतो, तिच्याच गाडीतून फिरतो, तिच्याच संरक्षणात असतो आणि म्हणून त्याला रणगाड्याच्या आतून दिसणारे युद्ध फार स्पष्ट दिसते, पण तो रणगाडा ज्या घरासमोरून गेला त्या घरातून दिसणारे युद्ध त्याच्या नजरेस येत नाही. गाझात तर ऑक्टोबर २०२३ नंतरची दोन वर्षे इस्रायलने परदेशी पत्रकारांना लष्कराच्या सोबतीवाचून प्रवेशच दिला नाही. तेथील जे काही जगाला कळले ते स्थानिक पॅलेस्टिनी पत्रकारांमुळे, आणि त्यांतील शंभराहून अधिक जण मारले गेले. याउलट सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून चाललेल्या युद्धाने एक कोटीहून अधिक माणसे घरांतून उठवली, तरी त्याचे चित्रण पडद्यावर क्वचितच येते. जे दिसते ते घडले असे एक वेळ मानता येईल, पण जे दिसत नाही ते घडलेच नाही असे मानणे हा तर्कदोष आहे आणि पहिले मत नेमके त्याच दोषात सापडते.

वेगाविषयीचा भ्रमही याच मताचा भाग आहे. चांदूरहून नागपूरकडे जाताना धामणगावच्या पुढे पुलगाव लागते. तेथील मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर भीषण आग लागून स्फोट झाले. शांततेचा काळ, आपलेच लष्कर, रेल्वेने तासाभराचे अंतर, शत्रुपक्ष नाही आणि प्रचारही नाही. तरीही त्या दिवशी मृतांचे आकडे बदलत राहिले, कारण जळत्या भांडारात कोण होते याची शहानिशा करायला वेळ लागतोच. असे असताना हजारो किलोमीटरांवरील बॉम्बवर्षावानंतर तासाभरात येणारा नेमका आकडा निःशंकपणे स्वीकारणे कोणत्या आधारावर योग्य ठरेल?

दुसऱ्या मतात सत्याचा अंश अधिक आहे आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इराककडे सर्वसंहारक अस्त्रे असल्याचा दावा जगातील प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी पुरेशी चौकशी न करता छापला, ती अस्त्रे सापडली नाहीत, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ मे २००४ रोजी आपले वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते अशी कबुली दिली, तोवर युद्ध सुरू होऊन वर्ष लोटले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीव्हमधून बोलताना एका अमेरिकी वार्ताहराने हे शहर इराक-अफगाणिस्तानच्या तुलनेत सुसंस्कृत व युरोपीय असल्याचे म्हटले आणि नंतर माफी मागितली. पण त्या वाक्याने बातमीच्या तराजूत कोणाच्या मृत्यूचे वजन किती धरले जाते हे उघडे पडले. हा पक्षपात आहे, तो जुना आहे आणि त्याचा संताप योग्यच आहे.

परंतु पक्षपात आहे म्हणून सारेच असत्य, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अबू घरैब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचे केलेले हाल २००४ मध्ये उघड केले ते अमेरिकी पत्रकारांनीच. मार्च २०२२ मध्ये मारियुपोल शहराला रशियन फौजांचा वेढा पडला असताना असोसिएटेड प्रेसचे मस्तिस्लाव चेर्नोव आणि येवगेनी मालोलेत्का तेथेच थांबले. ९ मार्च रोजी प्रसूतिगृहावर हल्ला झाला, रशियन प्रवक्त्यांनी तो बनाव असल्याचे सांगितले, पण जागेवर असलेल्या या दोघांच्या छायाचित्रांपुढे तो दावा टिकला नाही. रॉयटरचे दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी कंदाहारमधील स्पिन बोल्दाक येथे मारले गेले, तेही जागेवर जाऊन पाहण्याच्या याच कर्तव्यापायी. जी संस्था पक्षपात करते तिचाच माणूस प्राण पणाला लावून पुरावा आणतो, म्हणून संस्थेच्या नावावरून निकाल देणे चूक आहे.

‘आपल्या वाहिन्यांवर विसंबा’ हा उपाय तर रोगाहून घातक आहे. भारत-पाकिस्तान संघर्षात ८ मे २०२५ च्या रात्री भारतातील अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे आणि भारतीय फौजा इस्लामाबादेत शिरल्याचे ओरडून सांगितले. यांतील काहीही घडले नव्हते. त्या रात्री ज्या घरातला मुलगा सीमेवर होता, त्या घराला खरी माहिती मिळण्याचा अधिकार सर्वांत आधी होता, आणि नेमका त्याच घराशी हा विश्वासघात झाला. जे राष्ट्रप्रेम आपल्याच जवानाच्या आईला खोटी बातमी ऐकवते, त्याला राष्ट्रप्रेम म्हणता येणार नाही. दोन्ही बाजू ऐकून मधले सत्य काढावे, असाही एक मार्ग सुचवला जातो. परंतु दोन असत्यांचा मध्य काढला तरी तो असत्यच असतो.

मग प्रमाण कशाला मानावे? भारतीय न्यायशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. स्वतः न पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानणे याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ते ग्राह्य ठरण्यासाठी सांगणारा ‘आप्त’ असावा लागतो. आप्त म्हणजे नातलग नव्हे, आपल्या पक्षाचा तर नव्हेच. जो गोष्ट जशी आहे तशी जाणतो आणि जशी जाणली तशीच सांगतो तो आप्त. हे लक्षण लावले की स्वदेशी-विदेशी हा भेद गौण ठरतो, आणि वार्ताहर तेथे होता काय, आकडा कोणी दिला, देणारा युद्धातील पक्ष आहे काय, हे प्रश्न मुख्य होतात.

या कसोटीची जबाबदारी मराठी वृत्तपत्राच्या भाषांतराच्या टेबलावरही येते. मराठीत पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. जोडीतील पहिले क्रियापद अकर्मक, म्हणजे कर्म न लागणारे असते, आणि ते वापरले की कृत्य करणारा वाक्यातून नाहीसा होतो. ‘रुग्णालयावर बॉम्ब पडला’ या वाक्यात बॉम्ब पावसासारखा येतो. ‘अमुक सैन्याने टाकला’ म्हटले की करणारा समोर उभा राहतो. एकाच पानावर एका देशाची माणसे ‘ठार मारली’ जातात आणि दुसऱ्या देशाची ‘मृत्युमुखी पडतात’, तेव्हा निवाडा व्याकरणानेच दिलेला असतो. बॉम्ब कोणी टाकला हे सिद्ध झाले असेल तर कर्त्याचे नाव लिहावे, आणि झाले नसेल तर तेही लिहावे.

वृत्तसंस्थेच्या मजकुरात ‘या दाव्याची स्वतंत्रपणे खातरजमा होऊ शकलेली नाही’ हे वाक्य बहुधा खाली, शेवटच्या परिच्छेदांत असते. रात्री पान लावताना जागा कमी पडली की मजकूर शेवटाकडून छाटला जातो, त्यामुळे ते वाक्य सर्वांत आधी जाते आणि सकाळी चांदूरच्या वाचकाच्या हाती दावा तेवढा उरतो. ते वाक्य उचलून पहिल्या परिच्छेदात, आकड्याच्या शेजारी नेले, तर एका स्तंभात त्याला दोन ओळी लागतात.