हजेरीबरोबर मनाचीही नोंद

पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रा या कंपनीने २०१८ साली आपल्या नोएडा येथील संकुलात चेहरा ओळखून हजेरी मांडणारी यंत्रणा बसविली. हजेरीत जाणारा वेळ वाचावा, हा उद्देश समजण्यासारखा आहे. पण तिच्या जोडीला ‘मूडोमीटर’ नावाची आणखी एक सोय होती. आत येणाऱ्या माणसाची मुद्रा प्रसन्न आहे की त्रासलेली, याचा अंदाज यंत्राने बांधावा आणि कर्मचाऱ्यांची मनःस्थिती व्यवस्थापनाला कळावी, अशी ती कल्पना. पुढे अशा यंत्रांनी चेहऱ्यापेक्षा शब्दांकडे अधिक लक्ष वळविले. नोकरीवर रुजू होऊन महिना लोटला की पडद्यावर आपुलकीचा प्रश्न उमटतो, ‘कसे चालले आहे?’ उत्तर कृत्रिम बुद्धिमत्ता वाचते, त्यातील नाराजी वेगळी काढते आणि कोण लवकरच राजीनामा देण्याची शक्यता आहे, याचा तर्क मनुष्यबळ विभागापुढे ठेवते.

विषय हिंजवडीचा वाटला तरी तो रत्नागिरीचाही आहे. १९९६ पासून येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; पण पदवी हाती पडली की मुलामुलींची वाट बहुधा पुण्या-मुंबईकडेच वळते. मागे राहिलेल्या घराला त्यांचे हालहवाल कळतात ते रात्रीच्या दूरध्वनीवरून. ‘बरं चाललंय’ हे दोनच शब्द आई ऐकते आणि मधल्या क्षणभराच्या थांबण्यावरून काय ते ओळखते. यंत्राच्या लेखी तेच दोन शब्द समाधानाच्या रकान्यात जमा होतात. कोकणी माणसाचा तिरकसपणा आणि सोसून गप्प राहण्याची वृत्ती कोणत्या रकान्यात घालणार?

मात्र यंत्र चुकते, एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. उद्या ते अचूकही होईल. खरा प्रश्न अचूकतेपलीकडचा आहे आणि तो रत्नागिरीच्या माणसाला नवा नाही.

गेल्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील चाकरमान्यांचा भरणा मोठा होता. मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर असे. तो बहुधा कामगारांच्याच मुलखातला. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण कर्जात बुडाला आहे, कोण खाडे करतो, हे सारे त्याला ठाऊक. अडीअडचणीला तो धावून जाई, हे खरे. पण कामावर घ्यायला दस्तुरी तोच घेई आणि ज्याचे तोंड जास्त चाले त्याची जागा बदली कामगाराला देणाराही तोच. कामगाराच्या मनाची एवढी बारीक माहिती असलेला दुसरा माणूस गिरणीत नव्हता, आणि त्या माहितीचा उपयोग कशासाठी होईल हे ठरविण्याचा अधिकार मात्र कामगाराला नव्हता. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना १९०८च्या जुलै महिन्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. त्यांच्या मनात काय आहे हे कळायला त्या आठवड्यात कोणाला जॉबरची गरज पडली नसेल! पुढे १९३४च्या कायद्याने मुंबईत सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला. जॉबरच्या मक्तेदारीला शह बसला. तसाच कामगारांना संघटनांपासून दूर ठेवण्याचा हेतूही त्यात होताच.

अमेरिकेतही याच सुमारास एक मोठा प्रयोग झाला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. कोणी तरी आपले ऐकून घेतो, एवढ्यानेच पुष्कळांना हायसे वाटले. ज्यांची तक्रार तशीच राहिली होती, त्यांनाही! व्यवस्थापनशास्त्राने या अनुभवाचे मोठे कौतुक केले. त्यातला धोका मात्र विसरून चालणार नाही: ऐकल्याचा आभास कृतीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. यंत्राने तो आता फुकटच करून ठेवला आहे.

या यंत्रांची बाजू मुळीच नाही, असे नाही. हजारो कर्मचाऱ्यांच्या कंपनीत प्रत्येकाची विचारपूस एका अधिकाऱ्याला शक्य नसते, आणि वरिष्ठासमोर न उघडणारे तोंड यंत्रापुढे कदाचित उघडते. एखाद्या विभागात रात्री-अपरात्रीपर्यंत काम चालते, हे दहा जणांच्या उत्तरांतून वेळीच उमगले, तर ती सोय स्वागतार्हच म्हणावी लागेल. पण उमगल्यावर काय?

२०२४ साली पुण्यात एका जागतिक लेखापरीक्षण संस्थेत रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी अवघ्या चार महिन्यांत दगावली. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्राने देश हळहळला. कामाचा ताण हे मृत्यूचे कारण असल्याचे संस्थेने नाकारले. तो वाद येथे नको. पण ते पत्र वाचताना एक गोष्ट लपत नाही. मुलगी थकली आहे, हे आईला कोणत्याही यंत्रावाचून कळले होते. काम कमी करण्याचा अधिकार मात्र तिच्या हाती नव्हता. तो ज्यांच्या हाती असतो, त्यांना कळूनही ते काही न करतील, तर यंत्राने गोळा केलेल्या माहितीचे प्रयोजन तरी काय?

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी चेहरा, आवाज अशा शारीरिक खुणांवरून भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली. लिहिलेल्या शब्दांवरून मन वाचणे त्या बंदीत येत नाही. भारतात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्याच कायद्यात नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या वेगळ्या संमतीवाचूनही वापरण्याची मुभा मालकाला आहे. ‘नोकरीचे प्रयोजन’ या शब्दांत मनःस्थितीची नोंदही बसते का, हे स्पष्ट होणे निकडीचे आहे. कुटुंबभावाची भाषा भारतीय उद्योगपती आवडीने बोलतात. पण कुटुंबात विचारपूस करणारा कर्ता रुसलेल्यांची यादी करून ठेवत नाही.

कामगार संघटनांना संगणक क्षेत्रात अजून फारसा शिरकाव नाही, म्हणून हे बोलणार कोण, हाही प्रश्नच आहे. निदान मागण्या तरी स्पष्ट हव्यात. यंत्राला दिलेले उत्तर वार्षिक मूल्यमापनात वापरले जाऊ नये. पाच-सात जणांच्या गटाचा ‘सरासरी’ अहवाल देऊ नये, कारण त्यात नाव लपत नाही. आपल्याविषयी यंत्राने काय तर्क केला, हे कर्मचाऱ्याला पाहता यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, मिळालेल्या तक्रारींपैकी किती दूर झाल्या, हे व्यवस्थापनाने दर तिमाहीला त्याच पडद्यावर सांगावे. तिमाहीच्या नफ्याचे आकडे ठरल्या तारखेला जाहीर होतातच.

रत्नागिरीच्या घरात मुलाचे नेमणूकपत्र येते, तेव्हा पगाराचा आकडा सर्वांत आधी वाचला जातो, मग गाव कोणते ते. माहितीच्या वापराविषयीचे कलम शेवटच्या पानांत बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून ते वाचायला आणि कंपनीला चार ओळींचे पत्र पाठवून खुलासा मागायला मुलगा रुजू होण्यापूर्वीचे आठ-पंधरा दिवस पुरेसे असतात.