टँकरच्या आधीचा उपचार

दुष्काळ किती खोल गेला आहे हे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसूनही कळते. जुलाब-उलट्यांची लहान मुले, मुतखड्याने कळवळणारे शेतकरी, उन्हात हंडे वाहून चक्कर आलेल्या बाया. आम्ही सलाइन लावतो, ओआरएसची पाकिटे देतो आणि घरी पाठवतो. घरी पाणी तेच असते. गावाचा इलाजही टँकर, विहीर अधिग्रहण आणि टीसीएल पावडर यापुढे क्वचितच जातो.

जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने हा इलाज डोंगरमाथ्यापासून सुरू केला. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने १९९६ पासून तेथे काम झाले. आधी उतारावर समतल चर, झाडे आणि गवत, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारे. हा क्रम उलटला की वरून आलेल्या गाळाने बंधारा काही पावसाळ्यांतच भरतो. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मात्र गावालाच पाळायची होती, आणि तोच भाग सर्वांत अवघड. २०१२ च्या दुष्काळात जिल्हा होरपळत असताना कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या होत्या.

द्राक्षांपेक्षा मला पिण्याच्या पाण्याची काळजी. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. ते आटले की बोअर खोल जातो. खोलवरचे पाणी दगडाच्या सहवासात अधिक काळ राहिलेले असते; त्यात क्षार आणि काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी मुले वर्षानुवर्षे प्यायली तर दातांवर डाग पडतात. प्रमाण आणखी वाढले तर सांधे आणि कणा आखडतो. हे पाणी उकळून सुधारत नाही आणि टीसीएलनेही नाही.

म्हणूनच प्लॅस्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरलेली शेततळी मला खटकतात. सगळ्या गावाचे भूजल उपसून एकाच्या शेतात उन्हात वाफ व्हायला ठेवायचे, याला जलसंधारण कसे म्हणावे? हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस आणि केळी टाळली, आणि पावसाच्या मापावरून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यातही शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. बोअरच्या गाड्यांना ते कोणी सांगितलेले दिसत नाही.

गारखेड्यात राहून असे लिहिणे सोपे आहे, हे मान्य. आमचे पाणी पैठणहून पंपाने चढवून येते. तरीही आरोग्य खात्याला एक काम आजच करता येईल. पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मे महिन्यातल्या पाणी तपासणीचा अहवाल घेऊन बसावे, आणि रब्बीचे पीक ठरण्याआधी पिण्याचे पाणी बाजूला काढून घ्यावे.