मालक बदलला, पण क्लब कोणाचा?

‘डेडपूल’वाल्या रायन रेनॉल्ड्सने वेल्समधला एक बुडीत फुटबॉल क्लब घेतला आणि तो वर आणला. रेक्सहॅमची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना एवढीच माहीत असते. मालिका बघून झाली की हॉस्टेलवर कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याकडे पण असा मालक पाहिजे होता यार!’

पण असा मालक आपल्याकडे येऊन गेलाय. 2014मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटीच्या सहमालकांमध्ये हृतिक रोशन होता. नंतर अर्जुन कपूरही आला. 2017-18च्या मोसमात संघ प्लेऑफपर्यंत पोचला आणि 2019मध्ये क्लबच संपला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला नारंगी जर्सी घालून ओरडणाऱ्या पोरांना कुणी काही विचारलं नाही. त्याआधी 2010मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला होता आणि 2012-13च्या आय-लीगचा उपविजेता पुणे एफसीही 2015नंतर टिकला नाही. म्हणजे नट आणि पैसा तिकडेही होता, इकडेही होता. मग फरक कुठे पडला?

त्यासाठी रेक्सहॅमची गोष्ट थोडी मागून वाचायला हवी. 1864मध्ये स्थापन झालेला हा क्लब 2004मध्ये कर्जात बुडाला. तेव्हाच्या मालकाचा डोळा क्लबच्या मैदानाच्या जमिनीवर होता. 2008मध्ये संघ घसरून पाचव्या श्रेणीत गेला. 2011मध्ये तर मोसम सुरू करण्यापुरते पैसेही नव्हते, तेव्हा चाहत्यांनी एका दिवसात एक लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. मग चाहत्यांच्या ट्रस्टनेच क्लब ताब्यात घेतला आणि जवळपास दहा वर्षं चालवला. संघ पाचव्या श्रेणीतच अडकला होता, पण क्लब जिवंत राहिला. रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी आले ते यानंतर.

येतानाही त्यांना ट्रस्टच्या सभासदांची परवानगी घ्यावी लागली. नोव्हेंबर 2020मध्ये मतदान झालं आणि 98 टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. वीस लाख पौंडांच्या गुंतवणुकीसोबत त्यांनी काही वचनंही दिली होती. क्लब दुसऱ्या गावी हलवणार नाही, नाव बदलणार नाही, ही त्यातली महत्त्वाची. 2022मध्ये क्लबने एका विद्यापीठाकडून आपलं रेसकोर्स मैदानही विकत घेतलं.

दुसरी गोष्ट व्यवस्थापनाची. आपल्याला फुटबॉल चालवता येत नाही, हे दोघांनी सरळ मान्य केलं आणि येणारी माणसं नेमली. बर्टन अल्बियनमधून फ्लूर रॉबिन्सन मुख्य कार्यकारी म्हणून आल्या, तर फिल पार्किन्सन मॅनेजर झाले. पहिल्या मोसमात काय झालं? प्लेऑफच्या उपांत्य फेरीत ग्रिम्सबीकडून 5-4 असा पराभव! आपल्याकडे दुसऱ्या दिवशी कोचला नारळ मिळाला असता. पार्किन्सन राहिले. पुढच्या वर्षी 111 गुणांचा विक्रम करून संघ वर गेला. मग 2024 आणि 2025मध्येही बढती मिळाली. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच श्रेणींमध्ये लागोपाठ तीन वर्षं बढती मिळवणारा हा पहिलाच क्लब.

यात पैशाचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पॉल मलिनसारखा स्ट्रायकर वरची श्रेणी सोडून पाचव्या श्रेणीत उगाच येत नाही. मालिकेमुळे जगभरातून प्रायोजक मिळाले, तसं भाग्य प्रत्येक क्लबच्या नशिबी नसतं. पण नवा मालक म्हणजे आपोआप नवं आयुष्य, असंही नसतं. इंग्लंडमधला बरी हा 1885 सालचा क्लब डिसेंबर 2018मध्ये अवघ्या एका पौंडाला नव्या मालकाकडे गेला. क्लबकडे पुरेसा पैसा आहे याचा पुरावा देता न आल्याने ऑगस्ट 2019मध्ये लीगने त्याला बाहेर काढलं. अशा अनुभवांतूनच इंग्लंडने 2025मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणला.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी एखादा उद्योगपती किंवा स्टार आपल्या शहरासाठी क्लबची घोषणा करेल तेव्हा सेल्फीआधी तीन प्रश्न विचारूया. मैदान कुणाच्या नावावर आहे? फुटबॉलचे निर्णय फुटबॉल कळणारी माणसं घेणार आहेत का? आणि क्लब विकताना, हलवताना किंवा बंद करताना प्रेक्षकांना मत असणार आहे का?

मतासाठी आधी हजेरी लागते, हेही खरं. कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियम भरतं, कारण तिथे संघ पेठेचा असतो. पेठ उचलून कुणी हैदराबादला नेऊ शकत नाही. आपल्यापैकी अनेकांना मात्र प्रीमियर लीगचा गुणतक्ता तोंडपाठ असतो आणि आपल्याच जिल्ह्याची लीग कोणत्या मैदानावर चालते, याचा पत्ता नसतो. या रविवारी तो शोधूया. रेक्सहॅमला नवे मालक मिळाले, कारण तोवर जुन्या प्रेक्षकांनी क्लब मरू दिला नव्हता.