आमसुली भिंत आणि रीसेल व्हॅल्यू

आमच्या वयाच्या लोकांचे शनिवार-रविवार वास्तुशांतीत जातात. बाणेर, वाकड, खराडी धरून मी इतक्या वास्तुशांती जेवलोय की डोळे बांधून कुठल्याही हॉलमध्ये नेऊन सोडा, भिंतीचा रंग सांगतो. ऑफव्हाइट! जरा धाडसी मंडळी असतील तर बेज. फारच धाडसी असतील तर एक भिंत 'हायलाइट', म्हणजे त्याच बेजमध्ये दोन चमचे चहा जास्त.

का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "रीसेलला बरं पडतं रे."

अरे बाबा, काल कलश ठेवलास. वीस वर्षांचे हप्ते अजून उभे आहेत. घर तुझं, हप्ता तुझा, आणि रंग मात्र अजून जन्माला न आलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा? आणि तो गिऱ्हाईक तरी काय करणार आहे? चावी हातात आली की पहिला फोन रंगाऱ्यालाच. तुझा ऑफव्हाइट खरवडून स्वतःचा ऑफव्हाइट लावेल. ज्या युजरची रिक्वायरमेंटच आलेली नाही त्याच्यासाठी कोड लिहिणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही :)

तर माझा आग्रह असा, की घरातली निदान एक खोली गडद आमसुली रंगवा. आमसुली म्हणजे भिजवलेल्या कोकमाचा रंग. काळपट लाल, जांभळ्याकडे झुकलेला. शेडकार्डवर तो 'बेरी' म्हणून येतो आणि आपल्याला वाटतं काहीतरी फॉरेनचं आलं. अहो, करवंदं आणि जांभळं खाऊन जिभा रंगवलेली माणसं आपण! जांभळा हा शब्दच जांभळावरून आलाय. आमसुली, वांगी, अंजिरी, डाळिंबी... साडीच्या दुकानात आपल्या आज्ज्या यातला फरक एका नजरेत सांगायच्या. नातवाला मात्र पेंटच्या दुकानात चार आकडी कोड वाचावा लागतो. आणि ती आज्जी आमसुली इरकल नेसून त्या ऑफव्हाइट हॉलमध्ये बसली की खोलीतली तेवढीच गोष्ट जिवंत दिसते.

पांढरं म्हणजे मॉडर्न, हे खूळ आलं कुठून? एक मोठा वाटा युरोपातल्या आर्किटेक्टांचा. ल कॉर्बुझिएने १९२५ साली असा कायदाच हवा म्हणून लिहिलं, की प्रत्येकाने भिंतीवरचे पडदे-कागद काढून पांढरा रिपोलिन रंग मारावा. गंमत म्हणजे याच गृहस्थाने १९३१ साली सालुब्रा कंपनीसाठी ४३ रंगछटांचे वॉलपेपर काढले. गुरू सुधारले, चेले अजून पांढऱ्यातच.

दुसरा आक्षेप: "खोली लहान दिसेल." अर्धं खरं आहे. गडद रंग उजेड गिळतो. परावर्तनाच्या ० ते १०० च्या मोजपट्टीवर ऑफव्हाइट साधारण ८० च्या आसपास असतो, तर असा आमसुली १० च्या खाली. पण ज्या खोलीत मुळात उजेडच नाही, खिडकीसमोर शेजारची विंग उभी आहे, तिथे पांढरी भिंत पांढरी दिसते कुठे? मळक्या बनियनसारखी करडी दिसते. तिथे गडद रंगाने खोली मोठी होणार नाही, पण ऊबदार होईल. झोपायच्या किंवा वाचायच्या खोलीला क्रिकेट खेळण्याइतकं मोठं दिसायचंच कशाला?

खरी भानगड दिव्यांची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल अगदी कमी असतो. त्यामुळे दुकानाबाहेर उन्हात बघून पसंत केलेला आमसुली रात्री घरात चॉकलेटी दिसतो आणि शिव्या रंगाला बसतात. बल्बच्या खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आणि ३००० केल्विन बघून घ्या. ऑफिससारखा निळसर पांढरा उजेड बेडरूममध्ये लावणाऱ्यांना तर... असो.

ओल असलेल्या भिंतीवर मात्र हा रंग मुळीच नको. पावसाळ्यात क्षार फुटले की गडद रंगावर पांढरा नकाशा उमटतो. चकचकीत फिनिशही नको, लांबीतली प्रत्येक लाट दिसते. अगदी मॅटवर हात घासला तरी डाग पडतो, म्हणून मधलं, हलक्या तुकतुकीचं घ्या. आणि गडद शेडच्या बेसमध्ये झाकणारा पांढरा पिगमेंट फारच थोडा असतो, त्यामुळे दोन हातांत भागत नाही. खाली करड्या छटेचा प्रायमर आणि वर तीन हात, हे आधीच ठरवून घ्या.

भाड्याने राहणाऱ्यांना सूट आहे. डिपॉझिट कापायला निमित्त शोधणाऱ्या मालकाच्या हातात कोलीत कशाला द्या? त्यांनी पडदे आणा, आमसुली.

बाकीच्यांनी रंगाऱ्याला बोलवा. डबा उघडल्यावर तो दचकेल आणि म्हणेल, "साहेब, एकदम डार्क होईल." त्याला चहा द्या आणि सांगा, होऊ दे.