पाच कॉप्या एकदम, की एकामागून एक?

कर्जत तालुक्यातल्या शेलूहून एका भगिनीचे लांब पत्र आले आहे. मजकूर थोडक्यात असा. वडिलांचा इंतिकाल गेल्या वर्षी झाला. त्यांचा जुना कॉम्प्युटर घरात आहे. त्यात घराची कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली, तिन्ही भावंडांच्या निकाहचे फोटो आणि व्हिडिओ, शिवाय दादीच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग. भाईजान आखातातून सुट्टीवर आलेत. परत जाताना ते सगळ्याची एक प्रत पोर्टेबल हार्ड डिस्कवर नेणार आणि मग जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा, असे ठरले. वेळ वाचावा म्हणून बहिणीने कॉम्प्युटरमधले तीन मोठे फोल्डर, अम्मीचा फोन आणि एक पेन ड्राइव्ह अशा पाच कॉप्या एकदम त्या डिस्कवर लावल्या. वेग इतका मंदावला की उरलेला वेळ कधी वीस मिनिटे दिसे, कधी चार तास. तेवढ्यात पावसात वीज गेली. आता डिस्कवर पाचही फोल्डर दिसतात. त्या विचारतात, यातले पूर्ण कोणते हे कसे ओळखायचे? आणि पाच कामे एकदम लावणे चुकले का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क म्हणजे फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यावरून सरकणारा वाचकाटा. तबकड्या अनेक असल्या तरी सगळे काटे एकाच दांड्याला जोडलेले असतात आणि एकत्रच हलतात. म्हणजे हात एकच. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि एक हात वर-खाली सरकून हवी ती तबकडी गाठायचा. तेव्हापासून यंत्र खूप लहान आणि वेगवान झाले, पण हाताने जागेवर जायचे, थांबायचे आणि मग वाचायचे, ही रीत तीच राहिली. घरातल्या साध्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. काटा एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन स्थिर व्हायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. ऐकायला हे काहीच नाही. पण सलग वाचत राहिली तर अशी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. म्हणजे काट्याची प्रत्येक उडी जवळजवळ एक एमबी वाचण्याचा वेळ खाते. तीन फोल्डर एकदम लावले की काटा निकाहच्या व्हिडिओचा एक तुकडा वाचतो, उडी मारून कागदपत्रांवर जातो, पुन्हा उडी मारून फोटोंवर येतो. पोर्टेबल डिस्कवरही हीच कसरत, तिथे तर पाच कामांची. काम कमी आणि धावपळ जास्त. उरलेला वेळ वीस मिनिटांवरून चार तासांवर उडतो तो यामुळेच. तो आकडा म्हणजे गेल्या काही क्षणांच्या वेगावरून केलेला अंदाज असतो, त्याच्यावर विसंबून स्वयंपाकाला लागू नये.

शेलूच्या वाचकांना नेरळची गाडी सांगायला नको. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधलेला नेरळ-माथेरान रेल्वेमार्ग १९०७ साली सुरू झाला. तो एकेरी आहे. समोरून गाडी आली तर एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावेच लागते. दोन्ही एकदम सोडल्याने कोणीही लवकर पोहोचत नाही. हार्ड डिस्क हा तसाच एकेरी रूळ समजा.

म्हणून आमचा नियम साधा आहे: एका डिस्कवर एका वेळी एकच काम. पहिले संपले की दुसरे.

याला अपवाद आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिच्यात तबकडीही नाही आणि काटाही नाही, त्यामुळे उडीचा खर्च नगण्य. दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवरून एसएसडीवर एकदम कॉपी केले तर वेळ खरोखर वाचतो, कारण मंद असतात ते पेन ड्राइव्ह. मात्र ते दोन्ही एकाच यूएसबी हबमध्ये खोचले असतील तर वाट पुन्हा एकच. जुन्या यूएसबी २.० च्या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही, मग दोघांनी तेवढेच वाटून घ्यायचे. फोनचे आणखी वेगळे. अँड्रॉइड फोन केबलने जोडल्यावर ज्या पद्धतीने तो फायली देतो, तिच्यात एका वेळी एकच मागणी पुरी होते. फोनमधून दोन कॉप्या लावल्या तर दुसरी नुसती ताटकळते, कधी पहिलीही अडकते.

पण वेगापेक्षा मोठे कारण वेगळेच आहे, आणि ते शेलूतच नीट कळते. वीज गेली तेव्हा एकच कॉपी चालू असती तर शंका एकाच फाइलीची होती. आधीचे सगळे पोहोचलेले आणि पुढचे सुरूही न झालेले, हे कागदावर लिहून ठेवण्याइतके स्पष्ट राहते. पाच एकदम चालू असल्या की पाच फोल्डर अर्धवट आणि पाच फायली मध्येच तुटलेल्या. यातली वाईट गोष्ट अशी की तुटलेली फाइल नेहमी लहान दिसतेच असे नाही. विंडोज अनेकदा कॉपी सुरू करतानाच पूर्ण आकाराची जागा आखून ठेवते. त्यामुळे वीज गेल्यावर नाव बरोबर, आकारही बरोबर, आणि फोटो उघडला तर अर्धा राखाडी, असे होऊ शकते. बहिणीने कॉपी पुन्हा लावली तर विंडोज विचारेल की या नावाची फाइल तिथे आहेच, वगळू का? ‘स्किप’ दाबले की ती तुटकी फाइल तशीच राहील आणि कोणाला पत्ता लागणार नाही. कॉम्प्युटर भंगारात गेल्यावर लागेल.

तेव्हा भगिनी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: कोणते पूर्ण आहे हे शोधत बसू नका. कॉम्प्युटर अजून घरात आहे, फोन अम्मीच्या हातात आहे, म्हणजे काहीही गेलेले नाही. पोर्टेबल डिस्कवर जागा असेल तर ‘दुसरी प्रत’ नावाचा नवा फोल्डर करा आणि पाचही कामे तिथे नव्याने, एकेक करून लावा. सगळे तपासून झाल्यावर जुना अर्धवट पसारा पुसा. जागा नसेल तर एकेक अर्धवट फोल्डर पुसून मग तोच नव्याने कॉपी करा.

क्रमही ठरवा. आधी कागदपत्रे. स्कॅन केलेले कागद आकाराने लहान असतात, घरादाराचे सगळे मिळून बहुधा काही मिनिटांत होतात. त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर त्याच बैठकीत काढा. मग दादीची रेकॉर्डिंग. मग फोटो, आणि सर्वांत शेवटी निकाहचे व्हिडिओ. वीज पुन्हा गेली तर जे राहील ते परवडणारे राहिले पाहिजे.

फोनच्या बाबतीत थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त फोटो हरवतात ते इथे. व्हॉट्सअॅप अँड्रॉइडवर फोटोला जे नाव देते त्यात तारीख असते आणि पुढे चार आकडी क्रमांक. हा क्रमांक रोज नव्याने सुरू होतो. म्हणजे ईदच्या दिवशी अम्मीच्या फोनमध्ये आलेला तिसरा फोटो आणि तुमच्या फोनमध्ये आलेला तिसरा फोटो यांची नावे अगदी एकसारखी असू शकतात, फोटो मात्र वेगळे. कॅमेऱ्यांचेही तसेच: चार अक्षरे, चार आकडे, आणि ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासून. दोन फोनचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले आणि ‘रिप्लेस’ दाबले की पहिला गेला. म्हणून प्रत्येक फोनला, प्रत्येक पेन ड्राइव्हला आपापला फोल्डर द्या: ‘अम्मीचा फोन’, ‘भाईजानचा फोन’. एकत्र करणे नंतर सावकाश होईल. आणि कॉपी लावण्याआधी ‘जुम्मा मुबारक’ आणि ‘सुप्रभात’ची चित्रे पुसून टाकलीत तर आम्ही हरकत घेणार नाही. हजारो छोट्या फायलींना तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येकीची नोंद वेगळी करावी लागते.

‘कट’ करून ‘पेस्ट’ कधीही करू नका. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवणे म्हणजे आत कॉपी करणे आणि मूळ पुसणेच असते. मध्ये वीज गेली की अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

आता रांग कशी लावायची ते. विंडोज ७ पर्यंत प्रत्येक कॉपीची वेगळी खिडकी उघडायची. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून सगळ्या कॉप्या एकाच खिडकीत दिसतात आणि प्रत्येकीला थांबवण्याचे बटण असते. चुकून तीन लागल्या तर दोन थांबवून ठेवा, पहिली संपली की दुसरी सोडा. पण कॉम्प्युटर बंद झाला की हे थांबवलेले काम विसरले जाते. आपोआप एकामागून एक लावण्याची सोय विंडोजमध्ये अजून नाही, आणि ही उणीव आम्हाला नेहमी खटकते. त्यासाठी ‘टेराकॉपी’ हा प्रोग्रॅम घरगुती वापराला मोफत मिळतो. तो कामे रांगेत लावतो आणि सांगितल्यास कॉपी झाल्यावर मूळ आणि प्रत जुळते का हेही तपासतो. रात्री लावून झोपणाऱ्यांना उपयोगी. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांना रांगेची सोय आतच मिळते. मॅकवाल्यांनी हाताने एकेक लावावे.

निकाहचा व्हिडिओ ४ जीबीपेक्षा मोठा असेल आणि पेन ड्राइव्हवर जागा असूनही फाइल फार मोठी असल्याचा संदेश आला, तर पेन ड्राइव्ह बिघडलेला नाही. तो ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेला आहे आणि तिची मर्यादाच ४ जीबी आहे. आतले सगळे दुसरीकडे काढून घ्या आणि ‘एक्सफॅट’ निवडून फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्याने आतले पुसले जाते, हे विसरू नका.

यूपीएस नसेल तर पावसाळ्यात हे काम शक्यतो लॅपटॉपवर, पूर्ण चार्ज बॅटरीसह करा आणि तो मध्येच झोपी जाणार नाही अशी सेटिंग ठेवा. प्रत एकाच घरात ठेवू नका, हे उल्हास नदीकाठच्या लोकांना वेगळे सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावे लागले. वांगणीपुढचे स्टेशन शेलूच. भाईजानची प्रत आखातात राहील, ती चांगली गोष्ट आहे. दुसरी घरात उंचावर ठेवा.

शेवटी तपासणी. मूळ फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, फायलींची संख्या आणि ‘साइझ’ समोरचा बाइटमधला आकडा लिहून घ्या. मग प्रतीवर तेच करा. त्याखालची ‘साइझ ऑन डिस्क’ जुळली नाही तरी चालेल, ती डिस्कच्या आखणीप्रमाणे बदलते. आकडे जुळले तरी प्रत्येक फोल्डरमधले सात-आठ फोटो उघडून पाहा, व्हिडिओ पुढे सरकवून शेवटची दोन मिनिटे चालवा, दादीचे प्रत्येक रेकॉर्डिंग अखेरपर्यंत ऐका. मग ‘इजेक्ट’ करून डिस्क काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून एकदा उघडा. भंगारवाल्याला बोलवायचे ते त्यानंतर.