आकडा कोणी भरला?

घर विकत घेणे हा वडीलधाऱ्यांचा व्यवहार. मग विज्ञानाच्या मासिकात तो विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. परंतु आजकाल घरोघरी काय चालते ते पाहा. वडील म्हणतात, ‘बघ रे जरा मोबाइलवर, कोल्हापुरात दोन खोल्यांचे काय दर चाललेत.’ आणि नववीतला मुलगा किंवा मुलगी चार संकेतस्थळे उघडून, किमतीच्या चढत्या क्रमाने घरांची यादी लावून देते. म्हणजे कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीचे पहिले मोजमाप तुमच्या हातून होते. मोजमाप आले की ते विज्ञानाचेच काम झाले.

हे लिहिण्याचे निमित्त असे. माझा एक माजी विद्यार्थी कोल्हापुरात नोकरी करतो. त्याचे आईवडील इकडे वारणानगर परिसरात राहतात. बापाने उसावर आणि दुधावर साठवलेले पैसे, मुलाचा पगार आणि उरलेले बँकेचे कर्ज, असे मिळून शहरात घर घ्यायचे घाटत आहे. एका रविवारी तो संगणक घेऊन माझ्याकडे आला. त्याने दोन घरांचा चौदा रकान्यांचा तक्ता केला होता. दर चौरस फुटाला किंमत, हप्ता, बसथांब्याचे अंतर, शाळा, दवाखाना, सारे काही. मुलगा हुशार, तक्ता सुबक. तो म्हणाला, ‘सर, पहिले घर सरळ पुढे आहे. आता बयाणा देऊन टाकू का?’

मी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘यातला प्रत्येक आकडा कोणी भरला?’

हा प्रश्न मला सुचला त्याला वारणेचा इतिहास कारण आहे. १९९८ साली येथे एक मोठा प्रयोग सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडायचे ठरवले. ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने तो देशभर गाजला. त्या वेळी पुष्कळ स्वप्ने रंगवली गेली. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले, सर्व काही गावातल्या संगणकावर मिळणार होते. प्रत्यक्षात शेतकरी त्या संगणकाकडे मुख्यतः कशासाठी गेला? आपल्या उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, बिल किती निघाले, हे पाहण्यासाठी. पुढे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि लघुसंदेश यांवर हेच काम करून पाहिले, आणि ते तेवढ्याच चांगल्या रीतीने आणि कमी खर्चात चालले.

शेतकऱ्याने नेमक्या याच आकड्यांसाठी संगणकाचा उपयोग का केला असावा? माझ्या मते त्याचे उत्तर सोपे आहे. तो आकडा कुठून आला हे त्याला ठाऊक होते. गाडी काट्यावर चढली, वजन झाले, पावती फाटली. संगणकावरचा आकडा आणि खिशातली पावती ताडून पाहता येत होती. यंत्र नवे असले तरी आकड्याचे मूळ ओळखीचे होते.

घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर नेमके याच्या उलट असते. तेथील बहुतेक आकडे विकणारा किंवा त्याचा दलाल भरतो. किंमत म्हणून जी छापलेली असते ती मागितलेली किंमत. ज्या किमतीला घर खरोखर विकले गेले ती नव्हे. एकच घर तीन दलालांनी तीन किमतींना टाकलेले असते, आणि पाहणाऱ्याला वाटते की घरे पुष्कळ आहेत. यादीत सर्वांत वर जे येते ते सर्वांत चांगले म्हणून येते असेही नाही. वर झळकण्यासाठी पैसे मोजता येतात. वाण्याच्या दुकानात दर्शनी भागात मांडलेली बरणी सर्वांत ताजी असेलच असे आपण धरतो का?

आता एककाचा प्रश्न. माझ्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात पहिले घर १००० चौरस फूट, किंमत ४० लाख, म्हणजे दर ४००० रुपये. दुसरे ७६० चौरस फूट, किंमत ४१ लाख ८० हजार, म्हणजे दर ५५०० रुपये. पहिले घर स्वस्त, हे चौथीतला मुलगाही सांगेल. पण पहिले घर जुन्या इमारतीतले, फेरविक्रीचे होते, आणि त्याचे १००० फूट हे ‘सुपर बिल्ट-अप’ होते. त्यात जिना, लिफ्ट, गच्चीचा वाटा असे सर्व धरलेले असते. आम्ही रविवारी दुपारी जाऊन फीत लावून मोजले तेव्हा आतली जागा ७०० चौरस फूट भरली. चाळीस लाखांना सातशेने भागा. दर ५७१४ रुपये येतो. स्वस्त म्हणून वर बसलेले घर फुटाच्या हिशेबाने महाग निघाले. मीटर आणि वार एकाच रकान्यात लिहिले तर प्रयोगवहीत शून्य गुण मिळतात. येथे मात्र त्या चुकीवर लाखोंची उलाढाल होते.

या गोंधळावर कायद्याने एक चांगला उपाय केला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ‘कार्पेट क्षेत्र’ कशाला म्हणावे हे ठरवून दिले. घराच्या बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची त्यात धरायची नाही. आतल्या पडद्या-भिंती मात्र धरायच्या. (म्हणजे सतरंजी अंथरता येते तेवढीच जागा, ही आपली समजूत कायद्याला पूर्ण मान्य नाही!) या कायद्याखालचे महाराष्ट्राचे प्राधिकरण म्हणजे ‘महारेरा’ १ मे २०१७ पासून काम करते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा अधिक घरांचा नवा प्रकल्प तेथे नोंदवावा लागतो. त्याचे मंजूर नकाशे, पूर्ण करण्याची तारीख, कोर्टकज्जे हे सर्व प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीतच क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. मोबाइल समोर धरला की ती माहिती उघडते. हे आकडेही बांधणाराच भरतो, हे खरे. परंतु तो ते कायद्यासमोर भरतो, आणि खोटे निघाले तर त्याला जाब द्यावा लागतो. जाहिरातीच्या आकड्यात आणि या आकड्यात हा फरक आहे. सातबाराचेही तसेच. संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. अंकीय सही असलेला उतारा कामाला चालतो.

कर्जाचा हप्ता काढून देणारी यंत्रेही जाळ्यावर पुष्कळ आहेत. त्यांचे गणित बरोबर असते, पण ती काय मोठ्या अक्षरात दाखवतात ते पाहा. तीस लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. मुदत २५ वर्षे केली की तो २४,१५७ वर येतो. वाचले का महिन्याला जवळजवळ १९०० रुपये? आता हप्त्याला महिन्यांच्या संख्येने गुणा. पहिल्यात एकूण परतफेड सुमारे साडेबासष्ट लाख, दुसऱ्यात साडेबहात्तर. दहा लाखांचा फरक लहान अक्षरात खाली कुठेतरी असतो. गुणाकार येणाऱ्या मुलाने हा रकाना स्वतः काढून वडिलांपुढे ठेवावा.

पण माझ्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात मला खरी धास्ती वाटली ती एका नसलेल्या रकान्याची. पहिले घर पंचगंगेपासून फारसे दूर नव्हते. तक्त्यात ‘नदीचे दर्शन’ म्हणून त्याला जादा गुण होते!

नकाशावर त्याने नदी पाहिली होती. निळसर, बारीक, लांब. आता यात विज्ञानाचा एक मौजेचा भाग आहे. नेहमीच्या संकेतस्थळांवरची उपग्रहचित्रे साध्या प्रकाशात घेतलेली असतात आणि त्या प्रकाशाला ढगाच्या पलीकडचे दिसत नाही. म्हणून चित्र निवडताना निरभ्र दिवसाचे निवडतात. आपल्याकडे निरभ्र दिवस म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा. तेव्हा नदी सर्वांत रोड झालेली असते. पुराच्या दिवसांत आकाश भरलेले असते, आणि ते चित्र नकाशावर लागतच नाही. नकाशा खोटे बोलत नाही. तो फक्त ऊन पडल्यावर बोलतो. ढगांतून पाहायला रडारचा उपग्रह लागतो. भारताचा ‘रिसॅट-१’ २०१२ मध्ये गेला, युरोपचा ‘सेंटिनेल-१’ २०१४ मध्ये. त्यांच्या लहरी ढग भेदून जातात आणि शांत पाणी त्यांना काळेभोर दिसते. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर पुराचे असे नकाशे ठेवलेले असतात.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि वाठारमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या आमच्या वारणेच्या लोकांची वाटच तुटली. त्याच्या तक्त्यातले ‘गावाकडे जायला पाऊण तास’ हे जुलै-ऑगस्टमध्ये खरे नसते, हेही मी त्याला नोंदायला लावले.

नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकले की माणूस निर्धास्त होतो. तो पूर नातवाच्या वेळी येईल असे त्याला वाटते. वास्तविक त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता इतकाच. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी येत नाही असे नाही. वीस वर्षांच्या कर्जात एकदाही न येण्याची शक्यता काढायची तर ०.९९ ला वीस वेळा स्वतःशी गुणायचे. उत्तर सुमारे ०.८२. म्हणजे हप्ते फिटण्यापूर्वी एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के. निळ्या रेषेवर हेच ०.९६ घेऊन करा. शक्यता ५६ टक्के होते. नाणे उडवण्यापेक्षाही वाईट! आणि हे गणित पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असे धरून आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सतरा वर्षांत कोल्हापूरने पाहिले आहेत.

पूर हा नवा रकाना घातल्यावर त्याने त्याला दहा टक्के वजन दिले. किंमत ४०, कामाचे अंतर ३०, पाणीपुरवठा २०, पूर १०. दहापैकी गुण देऊन बेरीज केली. पहिले घर ७.४, दुसरे ६.२. मी म्हटले, आता पुराला ४० दे, किमतीला २५, अंतराला १५, पाण्याला २०. गुण तेच ठेवून पुन्हा बेरीज झाली, पहिले ५.७५, दुसरे ७.२५. तो चकित झाला. घरे तीच, गुण तेच, आणि निकाल उलटा! संकेतस्थळावरचे तारे याच रीतीने निघतात, फक्त वजने दुसऱ्या कोणी तरी ठरवलेली असतात आणि ती आपल्याला दिसत नाहीत.

माझे मत याहून पुढे आहे. पूर हा बेरजेत घालण्याचा विषयच नव्हे. ब्रेक निकामी असलेल्या गाडीला रंगाचे आणि बैठकीचे गुण देऊन कोणी ती घाटात नेत नाही. काही रकाने अटींचे असतात, काही गुणांचे. ज्या घराची जागा पूररेषेच्या आत आहे किंवा ज्याची कागदपत्रे सरळ नाहीत, ते तक्त्यात घेऊच नये. उरलेल्यांतच तुलना करावी. कोणती गोष्ट अट आणि कोणती गुण, हे संगणक सांगत नाही. ते घरातल्या माणसांनी बसून ठरवायचे, आणि त्या बैठकीत आईला बोलावायचे, कारण पाण्याचे, उजेडाचे आणि जिन्याच्या पायऱ्यांचे वजन तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

शिक्षकांना एक विनंती. सरासरी आणि शेकडेवारी शिकवताना अमुक रुपयांच्या अमुक पेन्सिलींची उदाहरणे आता पुरे झाली. मुलांना गावातल्या दोन घरांची जाहिरात द्या, फीत द्या, आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘कोणी मोजला’ असा एक जादा रकाना आखायला लावा. अंधश्रद्धा म्हणजे केवळ अंगारा आणि लिंबू नव्हे. पडद्यावर दशांश चिन्हासह आलेला आकडा मूळ न विचारता मानणे हीही तीच वृत्ती आहे, आणि ती शिकलेल्यांत अधिक आढळते.

मी या साधनांच्या विरुद्ध मुळीच नाही. माझ्या पिढीने घर पाहायचे म्हणजे दलालाच्या मागे उन्हातून फिरायचे आणि तो सांगेल ते खरे धरायचे. आज घरबसल्या नकाशा दिसतो, उतारा दिसतो, प्रकल्पावरचा दावा दिसतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतले पूर्वीचे खरेदीखत शोधून, मागितलेली आणि नोंदलेली किंमत ताडता येते. हे पूर्वी वकिलालाही सोपे नव्हते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा त्या पहिल्या घराच्या गल्लीत गेला, या वेळी संगणक न घेता. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्याला दुकानाच्या भिंतीवरची २०२१ च्या पाण्याची खूण दाखवली. ती त्याच्या छातीपर्यंत येत होती. ते घर त्याने तक्त्यातून काढले. दुसऱ्या घराला पुराचे भय नाही, मात्र तेथे उन्हाळ्यात विंधनविहीर आटते असे एक शेजारी म्हणतो आणि विकणारा नाही म्हणतो. तो रकाना त्याने पेन्सिलीने रिकामा ठेवला आहे. मे महिन्यात सकाळी सहा वाजता, नळाला पाणी येण्याच्या वेळी, तो तेथे जाऊन उभा राहणार आहे.